समुद्राला सोडलेली दोन पोती

आमच्या घरी झोपेत कूस बदलली तरी चुरचुर आवाज व्हायचा. राजारामपुरीत खाली दुकान आणि वर दोन खोल्या, आणि त्या दोन खोल्यांत माणसांपेक्षा माल जास्त. भिंतीला लागून छतापर्यंत कॅरीबॅगचे गठ्ठे, पांढऱ्या ताटांच्या थप्प्या, पाण्याचे पातळ ग्लास एकात एक घातलेले. मी अभ्यास गठ्ठ्यावर बसून करायची, भाकरी गठ्ठ्यावर ताटली ठेवून खायची, आणि पाहुणे आले की गठ्ठ्यावरच झोपायची. नव्या रेनकोटसारखा वास घरभर असायचा. आईच्या चुलीवरच्या कटाच्या आमटीलासुद्धा तो वास आहे असं मला वाटायचं आणि मी तसं बोलले की आई म्हणायची, "मग जा की दुसऱ्याच्या घरात जेवायला." हे प्लास्टिक यायच्या आधी आमचं दुकान पत्रावळ्यांचं होतं. आई पळसाची पानं मांडीवर घेऊन काडीनं टाचायची. तिचा हात इतका जलद चालायचा की बघणाऱ्याला काडी दिसायचीच नाही. पुढं पानांचे भारे यायचे बंद झाले आणि तिचे हात मोकळे झाले, तर ती दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन तारेवर वाळत घालायला लागली. एक पिशवी फेकायची नाही. सगळ्या साठवून भंगारवाल्याला द्यायची.

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तिच्या ह्या पिशव्यांचं हसू यायचं. आबा तालमीत वाढलेले. मान अशी जाड की शर्टाचं वरचं बटण कधी लागलं नाही. बोलणं मोठ्यानं, हसणं त्याहून मोठ्यानं. गिऱ्हाईक आलं की ते ताट हातात घेऊन नाचवायचे, "धुवायचं न्हाय, पुसायचं न्हाय, पावणं. जेवलं की टाकलं. बाईमाणसाचं कष्ट वाचलं का न्हाय?" लोकांना पटायचं. मलाही पटायचं, कारण लग्नकार्यात खरकटी भांडी घासून आमच्या घरातल्या बायकांच्या बोटांना चिरा पडलेल्या मी बघितल्या होत्या. ते टाकलेलं कुठं जातं हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. आमच्याकडं एक सवय होतीच. देवाची वाळलेली फुलं, उतरवलेला नारळ, जुनी तसबीर, जे घरात ठेवता येत नाही आणि उकिरड्यावरही टाकवत नाही, ते पंचगंगेला सोडायचं. पूर्वी ओंजळीनं सोडायचे. आमच्या पिशव्या निघाल्यापासून पिशवीला गाठ मारून गाठीसकट सोडायला लागले. वर हात जोडायचे, झालं. वाहतं पाणी सगळं पोटात घेतं अशी आमची समजूत होती आणि त्या समजुतीत कुणाला काही वावगं दिसत नव्हतं.

परवा नातीच्या शाळेचा समुद्रातल्या प्लास्टिकवरचा प्रकल्प होता. तिनं नकाशावर बोट ठेवून मला दाखवलं की आपली पंचगंगा कृष्णेला मिळते आणि कृष्णा पार तिकडं पूर्वेला बंगालच्या उपसागरात जाते. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, आणि मला हे धड माहीत नव्हतं! शाळेत शिकले असणार, पण कधी जोडून बघितलं नाही. म्हणजे घाटावरच्या नदीनं पूर्वेचा समुद्र आणि घाटाखाली जाणाऱ्या टेंपोनं पश्चिमेचा, दोन्ही समुद्रांत आमच्या एका दुकानाचा माल. नात म्हणाली, "आजी, तू एवढी गप्प का झालीस?" काय सांगणार होते तिला? म्हणून इथं लिहिते आहे.

घाटाखालच्या टेंपोची गोष्ट अशी. मालवणच्या अलीकडं समुद्राकाठच्या एका गावात विश्राम नावाचा मासेमार होता. मी त्याला विश्राममामा म्हणायची. बारा घरांची मिळून एक रापण होती, आणि तिचा कारभार त्याच्याकडं. रापण म्हणजे होडीनं समुद्रात अर्धगोल टाकायचं आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या धरून किनाऱ्यावरून ओढायचं भलं मोठं जाळं. शिवाय वाळूवर त्याची चहाची टपरी होती, तिथं सहलीची माणसं यायची, आणि त्या टपरीला ताटं, ग्लास, पिशव्या आमच्या दुकानातून जायच्या. दरवर्षी थंडी सरता सरता आबा तालमीतली माणसं, त्यांची बायकापोरं आणि मालाचे गठ्ठे एकाच टेंपोत भरून गगनबावड्याच्या घाटानं खाली उतरायचे. गठ्ठ्यांवर आम्ही पोरं बसायचो. सोबत कांदालसणाची चटणी, भाकऱ्यांची चवड आणि मोठी पातेली. कोल्हापूरचा माणूस समुद्राकाठी जाऊनही मटणच खाणार, त्याला इलाज नाही. विश्राममामाची बायको आनंदीमामी दरवर्षी हसायची, "समुद्रार येवन बोकड खातत, ह्येंका काय म्हणूचा!"

त्या वर्षी मी सातवीत होते. उन्हं कलायच्या आत वाळूवर तीन दगडांच्या चुली पेटल्या, तांबडा रस्सा रटरटला, आणि चाळीसभर माणसं आमच्याच पांढऱ्या ताटांतून जेवली. आबांचे तालमीतले दोस्त धोंडीकाका रस्सा ग्लासानं पीत होते. जेवणं झाल्यावर आईनं ताटं, ग्लास, चघळलेली हाडं सगळं गोळा केलं, दोन पोत्यांत भरलं आणि सुतळीनं तोंड बांधलं. "हे टेंपोत टाका. कोल्हापुरात भंगारवाला घेतोय," असं आबांना बजावून ती पातेली घासायला विहिरीवर गेली. आबांनी पोती उचलली. दोन पावलं टेंपोकडं गेले, पोती हुंगली आणि तोंड वाकडं केलं. मग मला डोळा घातला. "सुमे, चल. एवढा समुद्र सोडून ही घाण घाटानं वर न्यायची व्हय? समुद्राला सोडून येऊ. तुझ्या आईला सांगू नगंस." मला लई मजा वाटली, खोटं कशाला बोलू. आबांचं आणि माझं गुपित! फ्रॉक वर खोचून मी गुडघाभर पाण्यात गेले, एका पोत्याचा कान माझ्या हातात, एक आबांच्या. लाट माघारी फिरताना आम्ही पोती सोडली. ती डुलत डुलत गेली. आबांनी हात जोडले म्हणून मीही जोडले. आईनं विचारलं, "टाकली का टेंपोत?" आबा म्हणाले, "टाकली की."

दुसऱ्या दिवशी उजाडताच रापण लागली. बांगड्याचा थवा किनाऱ्याजवळ आला होता. आठवडाभरच राहील आणि मग उन्हाळाभर असा हाताला लागणार नाही, असं मामी आईला सांगत होती. बारा घरांचं सगळं ह्या आठवड्यावर होतं, म्हणून बायकासुद्धा टोपल्या घेऊन वाळूवर येऊन बसल्या होत्या. एका दोरीला गावातली माणसं, दुसऱ्या दोरीला हौसेनं आमचे तालीमवाले. मीही शेवटाला लोंबकळले. दोरी ओली, खरखरीत, तळहात सोलून निघत होते. अर्धं जाळं आलं असेल नसेल, आणि आमची बाजू अशी जड झाली की धोंडीकाकांच्या टाचा वाळूत रुतल्या. "आलं रं आलं! घबाड हाय!" ते ओरडले. पलीकडून विश्राममामा पळत आला, दोरीवर हात ठेवून उभा राहिला आणि त्याचा चेहरा बदलला. "थांबा! ओढू नकात! मासळी असली तर दोरी थरथरता. ह्या दोरयेक जीव नाय." धोंडीकाका हसले. "घाबरतासा काय, पावणं? कोल्हापूरचा हात हाय ह्यो! नाद करायचा न्हाय!" आबांनी आरोळी ठोकली, वीस पैलवानांनी एकदम मागं जोर मारला. मामा "जाळां फाटतलां, जाळां फाटतलां" म्हणून ओरडत होता आणि आमचं कुणाचं लक्ष नव्हतं. उलट त्या ओरडण्यानं चेव चढल्यासारखे सगळे ओढत होते.

मग दोरी एकदम हलकी झाली आणि आम्ही सगळे पाठीवर पडलो. मी उठून बघितलं तर पाण्यात चांदी पसरल्यागत बांगडे सरसर बाहेर निघून चालले होते. बायकांच्या तोंडून एकदम आवाज निघाला, मयताला निघतो तसला. विश्राममामा एकटाच कमरभर पाण्यात शिरला आणि बराच वेळ फाटक्या जाळ्याच्या पोटात हात घालून उपसत राहिला. मग जाळं वाळूवर आलं आणि मी जे बघितलं ते आजही डोळ्यासमोरून जात नाही. ताटं. ग्लास. पिशव्या, पिशव्या आणि पिशव्या, जाळ्याच्या डोळ्या-डोळ्यात गच्च अडकलेल्या, त्यामुळं पाणी आरपार जायला वाटच राहिली नव्हती. कालच्या दोन पोत्यांनी एवढं होत नाही हे मलासुद्धा कळत होतं. कित्येक पिशव्या शेवाळानं हिरव्या झालेल्या, काहींवर बारीक शिंपले धरलेले, वर्षा-दोन वर्षांच्या असतील. आणि त्या शेवाळाखाली लाल अक्षरांत आबांचं आडनाव आणि राजारामपुरीचा पत्ता. एक अक्षर पुसलं नव्हतं! मी ते शाळेत फळा वाचावा तसं वाचत उभी राहिले.

आनंदीमामी पहिली बोलली. "ह्यां काल तुमीच टाकलास काय?" तिनं आईकडं बघून विचारलं. आई ताडकन उभी राहिली. "आमचं? आमचं सगळं टेंपोत हाय. दोन पोती मी माझ्या हातानं बांधली. जावा, बघा जावा!" आणि तिनं मला जवळ ओढलं, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाली, "ह्या माझ्या एकुलत्या एक लेकीची शपथ हाय." मी आबांकडं बघितलं. आबा वाळूकडं बघत होते. आता बोलतील, आता बोलतील म्हणून मी बघत राहिले, पण ते बोलले नाहीत. माझा बाप, जो चार गल्ल्या पलीकडं ऐकू जाईल असा बोलायचा, तो लेकीच्या डोक्यावर खोटी शपथ पडू देत होता आणि गप्प होता. विश्राममामा पाण्यातून वर आला. म्हणाला, "टेंपोत कशाक बघूक होया? शब्द आसा ना त्येंचो. ह्यां माझ्याच टपरीवरचां असतलां. इकणारो मीच. तुमचो काय दोष, आबानू?" आबा कसंबसं म्हणाले, "जाळं आम्ही फाडलं. नवं भरून देतो." मामा जाळ्याचं भोक हातानं चाचपत म्हणाला, "जाळां भरून देशात. बांगडे खंयसून देशात?"

कुणी म्हणेल, एवढं बघितल्यावर आबांनी धंदा सोडला असेल. नाही सोडला. बंदी येईपर्यंत विकला, आणि बंदी आल्यावर काही दिवस पोत्याखाली झाकूनही विकला. त्याच पैशांवर मी शिकले, मास्तरीण झाले, वर्गात पोरांना स्वच्छतेचे धडे दिले. आता ह्या वयात हे लपवून कुणाला फसवायचं?

टेंपो त्याच दिवशी बाकीच्यांना घेऊन कोल्हापूरला परतला. आबा, आई आणि मी मात्र जाळं शिवायला थांबलो. थांबायचं आबांनीच ठरवलं. मामीनं त्यांच्या हातात जाळं विणायची लाकडी सुई दिली, पण त्या जाड बोटांत ती मावेना, दोन गाठींत तीन चुका. शेवटी मामीनं सुई काढून आईच्या हातात दिली. पत्रावळी टाचलेला हात तो! दुपारपर्यंत आई गावातल्या बायकांच्या बरोबरीनं गाठी मारायला लागली. आबा मग जाळ्यातल्या पिशव्या सोडवत बसले. एकेक सोडवायची, झटकायची, ढिगावर टाकायची. तीन दिवस तेच. बोटं खाऱ्या पाण्यानं फुगली तरी उठले नाहीत. मामी संध्याकाळी जेवायला हाक मारायची. एकदा घरात राहिलेले चार मासे ती साफ करायला बसली तेव्हा एका बांगड्याच्या पोटातून निळं काहीतरी निघालं, नखाएवढं, पिशवीच्या कानाचं. तिनं तो तुकडा बाजूला ठेवला आणि पुढचा मासा घेतला. मी मात्र घास गिळताना मरायची वाट बघत होते. लेकीची खोटी शपथ घेतली की लेक मरते, हे आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. थोडं पोट दुखलं तरी मला वाटायचं, हे बघा, सुरू झालं. आईला सांगावं तर आबा खोटे पडणार. न सांगावं तर मी जाणार. आणि मला आबांची लाज वाटत होती. त्याआधी कधी वाटली नव्हती.

चौथ्या दिवशी सकाळी शिवलेलं जाळं समुद्रात गेलं. आबा लांब उभे होते. मामानं हाक मारली, "येवा, आबानू. मी सांगतंय तेवाच ओढा." आबांनी दोरी धरली आणि इतकी हळू ओढली की जणू पलीकडं तान्हं मूल बांधलं आहे. जाळं आलं. थवा निघून गेला होता. तळाशी जेमतेम दोन टोपल्या बांगडे, आणि त्यांच्यात पुन्हा चार-पाच ग्लास. बायका रिकाम्या टोपल्या डोक्यावर घेऊन उठायला लागल्या, तर मामानं सगळ्यांना बसवलं आणि वाटे घालायला सुरुवात केली. घरटी पाच, कुणाला सहा. मग तो आबांच्या पुढं आला आणि दोन बांगडे त्यांच्या पुढं धरले. आबा मागं सरले. "न्हाय, न्हाय. आम्हाला कशाला?" मामा म्हणाला, "दोरयेक ज्येचो हात लागलो, तेका वाटो. रापणीचो नियम आसा." आबांनी हात पुढं केले. घेतले! दोन्ही हातांनी घेतले, प्रसाद घ्यावा तसे. मग मामा माझ्याकडं वळला, एक लहान बांगडा पुढं केला. "तू पण ओढलंस ना गो? घे."

माझा हात वर होईना. मी मोठ्यानं रडायला लागले आणि रडता रडता सगळं ओकले. "मामा, पोती टेंपोत नव्हती. ती मी आन् आबांनी समुद्राला सोडली. आईला माहीत न्हाय. आईनं खोटी शपथ न्हाय घेतली, मला मारू नका." कुणाला मारू नका म्हणत होते, देव जाणे. विश्राममामा खाली बसला, माझ्या तोंडासमोर तोंड आणून म्हणाला, "माका ठावक आसा." मी विचारलं, "कसं?" तो म्हणाला, "समुद्रात बोकडाची हाडां खंयसून येतली गो? पोतां फुटला तेवाच गावली. बायलांनी बघूच्या आधी मी ती पाण्यातच पायाखाली पुरलंय. पावणे तुमी आमचे." मग त्यानं मान वर करून आबांकडं बघितलं आणि आवाज न चढवता म्हणाला, "तुझो बापूस सांगतलो म्हणान तीन दिस वाट बघी होतंय."

आबांनी हातातले बांगडे पुढं केले, परत द्यायला. मामानं घेतले नाहीत. "दिलेलो वाटो परत घेनत नाय," एवढं बोलून तो जाळं वाळत घालायला गेला.

दुपारच्या एसटीनं आम्ही निघालो. मामी थांब्यापर्यंत आली आणि आईच्या गळ्यात पडली. आबांशी आई एक शब्द बोलली नाही, खिडकीशी मला घेऊन बसली, माझ्या डोक्यावरून सारखा हात फिरवत होती. आबा पुढच्या बाकावर, एकटे. दोन बांगडे उघड्या तळहातांवर तसेच. घाट चढायला लागलो तेव्हा उन्हानं त्यांचा वास सुटला, लोक नाक दाबून वळून बघायला लागले, पाणी आबांच्या मनगटावरून शर्टाच्या बाहीत ओघळत होतं. पण त्यांनी मासे खाली ठेवले नाहीत, रुमालात गुंडाळले नाहीत, खिडकीतून टाकलेही नाहीत. तिकिटं फाडत कंडक्टर आला. कोल्हापूरचाच होता, आबांना दुकानावरून ओळखत होता. त्यानं एकदा माशांकडं बघितलं, एकदा आबांच्या तोंडाकडं, आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल असा हसला.

"काय मालक! तुमच्याजवळ एक पिशवी न्हाय व्हय?"

"न्हाय," आबा म्हणाले.